बदक दिसलं म्हणून कोणी हिशेबी होत नाही

रविवारी सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरवत होतो, तेवढ्यात रामबागेतल्या मावशीनं फॅमिली ग्रुपवर बदक आणि ससा दोन्ही दिसणारं तेच चित्र पुन्हा टाकलं. 'आधी बदक दिसलं तर तुम्ही डाव्या मेंदूचे, हिशेबी. ससा दिसला तर उजव्या मेंदूचे, कलाकार. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय!' पाच मिनिटांत अर्ध्या इंदूरनं आपापला मेंदू जाहीर केला. खेळ म्हणून मजा आहे, पण शास्त्रज्ञांना मध्ये ओढलंय म्हणून बोलतो.

हे चित्र प्रयोगशाळेतलं नाहीच. १८९२ साली म्युनिकच्या एका विनोदी साप्ताहिकात ते छापून आलं. जोसेफ जॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञानं ते पुढे वापरलं, पण पाहण्यात डोळ्यांइतकाच मनाचाही वाटा असतो हे दाखवायला. स्वभावाचा तिथे संबंधच नव्हता.

आधी काय दिसतं, ते स्वभावावर ठरतं म्हणे. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयापाशी हेच चित्र लोकांना दाखवलं, तेव्हा ईस्टरला ससा म्हणणारे खूप निघाले आणि ऑक्टोबरमध्ये बहुतेकांना पक्षी दिसला. ईस्टरला तिकडची दुकानं सशांनी भरलेली असतात, जशी आपली गणपतीत मोदकांनी. की सहा महिन्यांत अख्ख्या गावाचा मेंदू उजवीकडून डावीकडे सरकला?

तरुणीही दिसते आणि म्हातारीही, अशा त्या दुसऱ्या चित्राचंही तसंच. तरुणीची हनुवटी हेच म्हातारीचं नाक, तिचा कान हाच डोळा, गळ्यातली पट्टी म्हणजे ओठ. २०१८ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ३९३ जणांना ते अर्धा सेकंद दाखवून बाईचं वय विचारलं. तरुणांनी कमी सांगितलं, वयस्करांनी जास्त. म्हणजे फार तर तुमचं वय कळेल, आणि ते ग्रुपवर सगळ्यांना पाठ आहे.

डावा-उजवा मेंदू? काही कामं एका बाजूला जास्त चालतात, हे खरं. पण २०१३ साली युटा विद्यापीठात हजारावर लोकांचे मेंदू स्कॅन करून पाहिले, तर 'डाव्या मेंदूचा माणूस' किंवा 'उजव्या मेंदूचा माणूस' असा प्रकार सापडला नाही.

"पण माझं अगदी बरोबर निघालं!" निघणारच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचा स्वभाव' म्हणून एकच मजकूर वाटला, तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. तो किती जुळतो, याला त्यांनी पाचपैकी सरासरी चाराच्या वर गुण दिले.

एवढं सगळं टाइप करून शेवटी लिहिलं: चोच वर येईल असा फोन फिरवा, चोचीचे कान होतील. आधी ऑटो-रोटेट बंद करा.

लगेच मावशीचा फोन. "ते ऑटो-रोटेट कुठं असतं रे?"