सोय गावात आली पाहिजे

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगहून लहान विमानाने ईशान्येला निघालं की तासाभरानंतर खाली रस्ते दिसेनासे होतात. उरतं जंगल आणि पाणी. त्या पाण्यात आयलंड लेक नावाचं विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठाने सेंट थेरेसा पॉइंट, गार्डन हिल आणि वासागामाक ही गावं आहेत आणि थोडं लांब रेड सकर लेक. ही अनिशिनिन्यू या आदिवासी समाजाची गावं, त्यांची भाषा ओजी-क्री. बारमाही रस्ता यांतल्या एकाही गावाला नाही. जानेवारीच्या शेवटी तळी पुरेशी गोठली तर त्यांच्यावरून बर्फाचा रस्ता तयार होतो, तो जेमतेम सहा-आठ आठवडे टिकतो. लाकूड, सिमेंट, इंधन, फर्निचर, सगळ्या जड वस्तू वर्षभराच्या तेवढ्या दिवसांत आणून ठेवायच्या.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारी-अपंग माणसांना रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, आणि कामासाठी मॅनिटोबाच्या उत्तरेतल्या अशा गावांमध्ये जाते. इथल्या मराठी मंडळात कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो थंडीचा. आणि दुसरा, बहुतेक वेळा सहानुभूतीने विचारलेला: "मग ती अपंग माणसं शहरात का येऊन राहत नाहीत? इथे सगळ्या सोयी आहेत की!" हा प्रश्न विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. पण नेमकं हेच उत्तर सरकारने या लोकांना पिढ्यानपिढ्या दिलेलं आहे आणि तेच चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते.

साधी व्हीलचेअरच घ्या. मंजूर होऊन जी खुर्ची येते ती बहुतेकदा हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली असते. गावातले रस्ते खडीचे. मे महिन्यात बर्फ वितळलं की सगळीकडे चिखल आणि पुढची छोटी चाकं त्यात रुतून बसतात. घरं जमिनीपासून उचलून ठोकळ्यांवर बसवलेली, त्यामुळे दाराशी चार-पाच लाकडी पायऱ्या. म्हणजे खुर्ची मिळाली तरी रॅम्प हवाच. रॅम्पचा अर्ज करायचा, मापं पाठवायची, दोन वेगवेगळ्या कार्यालयांनी हे आमचं नाही, त्यांचं आहे असं म्हणायचं आणि शेवटी मंजुरी यायची एप्रिलमध्ये. तोवर बर्फाचा रस्ता बंद झालेला. आता लाकूड येणार पुढच्या जानेवारीत, नाहीतर विमानाने, आणि विमानाचा खर्च मंजूर नाही. कागदावर हे काम 'मंजूर' म्हणून नोंदलेलं असतं. तो माणूस मात्र पुढचे नऊ महिने दोन भावांनी उचलल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. बेअरिंग तुटलं तर खुर्ची दुरुस्तीला विमानाने विनिपेगला जाते आणि तिचा मालक तेवढे आठवडे पलंगावर.

यातलं काहीही निसर्गाने केलेलं नाही. बर्फाचा रस्ता कधी उघडतो हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. मंजुरीचं वेळापत्रक त्याप्रमाणे आखणं अवघड नाही. ते आखलेलं नाही, कारण ते आखणारी माणसं ओटावात बसतात आणि त्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. आणि आता तर हिवाळेही भरवशाचे राहिले नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत बर्फाचे रस्ते नीट तयारच होईनात, तेव्हा शेजारच्या ओंटारियोत निश्नॉबी अस्की नेशन या आदिवासी गावांच्या संघटनेने आणीबाणी जाहीर केली होती.

जॉर्डनची गोष्ट कॅनडात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवी असं मला वाटतं. जॉर्डन रिव्हर अँडरसन हे उत्तर मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनच्या कुटुंबातलं मूल, जन्म १९९९. स्नायूंचा दुर्मिळ आजार आणि अनेक गुंतागुंती, म्हणून जन्मापासून विनिपेगच्या रुग्णालयात. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरच्या वातावरणात ठेवता येईल, घरी मदतीची व्यवस्था करा. त्या मदतीचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर दोन सरकारांचा वाद सुरू झाला. इतर कॅनेडियन मुलाचा खर्च प्रांताने केला असता. हा फर्स्ट नेशन्सचा, म्हणजे आदिवासी समाजाचा मुलगा, म्हणून प्रश्न. वाद दोन वर्षांहून जास्त चालला. २००५ च्या फेब्रुवारीत, पाच वर्षांचा असताना, जॉर्डन रुग्णालयातच वारला. घरात राहणं काय असतं हे त्याला एक दिवसही कळलं नाही.

त्याच्या नावाने तत्त्व तयार झालं: मुलाला गरज असेल ती सेवा ज्या सरकारशी पहिला संपर्क होईल त्याने आधी द्यायची, पैशांचा वाद नंतर घालायचा. १२ डिसेंबर २००७ रोजी संसदेने ते एकमताने स्वीकारलं. आणि मग? मग जवळजवळ काही नाही. व्याख्या इतकी अरुंद केली की त्यात बसणारं मूल सापडेना. बालहक्क कार्यकर्त्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांची संस्था आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स यांनी २००७ मध्ये मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे तक्रार केली होती. तिचा निकाल २०१६ च्या जानेवारीत लागला: सरकार या मुलांशी भेदभाव करतं आहे. पुढच्या वर्षी न्यायाधिकरणाने मुदतीही घालून दिल्या. तातडीचा अर्ज १२ तासांत, एका मुलाचा साधा अर्ज ४८ तासांत निकाली काढायचा.

त्यानंतर फरक पडला. मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्यासारखे थेरपिस्ट नियमित जाऊ लागले ते या निकालामुळे. न बोलणाऱ्या मुलांच्या हातात बोलणारे टॅब्लेट आले, शाळेत मदतनीस आले, आईबापांना थोडा विसावा मिळावा म्हणून मुलांना काही वेळ ठेवता येईल अशी सोय काही गावांत झाली. लढून मिळवलेला हक्क प्रत्यक्षात उतरला तर काय होतं याचं हे ठळक उदाहरण. पण पुढे हजारो अर्ज तुंबले, मुदती पाळल्या जाईनात, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्राने काय मंजूर होईल याचे नियम बरेच आवळले. मागणी वाढली याचा अर्थ योजना बिघडली असा काढला गेला. माझ्या मते मागणी वाढली कारण गरज आधीपासून होती, आता पहिल्यांदा कुणीतरी तिची दखल घेतली.

आणि तरीही मला सगळ्यात जास्त छळतो तो अठरावा वाढदिवस.

जॉर्डनचं तत्त्व मुलांसाठी आहे. सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा मला माहीत आहे. शाळेत मदतनीस होती, डोळ्यांच्या हालचालीने चालणारं यंत्र होतं, शाळेच्या सकाळच्या घोषणा तोच त्या यंत्रावरून करायचा आणि वर्ग हसून दाद द्यायचा. अठरा पूर्ण झाले आणि मदतनीस संपली. थेरपी संपली. यंत्र बिघडलं तर ते कुणी दुरुस्त करायचं याचं उत्तर कुणाकडेच नाही. मोठ्या अपंग माणसांनी दिवसा जाऊन काही करावं अशी जागा गावात नाही. आई बँड ऑफिसात, म्हणजे गावाच्या कारभाराच्या कार्यालयात, नोकरी करत होती, ती तिने सोडली. त्या कुटुंबापुढे ठेवलेला पर्याय एकच: विनिपेगमधलं ग्रुप होम, म्हणजे अपंग माणसांना एकत्र ठेवायचं घर. तिथे त्याची भाषा कुणी बोलत नाही. आजीला भेटायला यायचं तर विमानाचं तिकीट.

इथे इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. याच समाजाची मुलं शंभराहून अधिक वर्षं सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांसाठी घरातून उचलून नेली गेली. २०२१ च्या जनगणनेनुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये आदिवासी मुलं ७.७ टक्के, पण आईबापांपासून काढून परक्या घरी (फॉस्टर केअरमध्ये) ठेवलेल्या मुलांमध्ये त्यांचा वाटा ५३.८ टक्के. मूल घरी ठेवलं तर सेवा नाही, बालकल्याण यंत्रणेच्या ताब्यात दिलं तर सेवा आहे, अशा पेचात आईबापांना वर्षानुवर्षं टाकलं गेलं. त्यामुळे "शहरात का येत नाहीत" हा प्रश्न त्या आईच्या कानाला कसा लागत असेल, विचार करा.

किती प्रौढ माणसं या अवस्थेत आहेत? कॅनडाची अपंगत्वाविषयीची राष्ट्रीय पाहणी रिझर्व्हवर, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखलेल्या जमिनींवर, राहणाऱ्या फर्स्ट नेशन्सच्या लोकांना मोजतच नाही. २०२२ च्या पाहणीत देशातले पंधरा वर्षांवरचे २७ टक्के लोक काही ना काही अपंगत्वासह जगतात असं आलं, त्या आकड्यात ही गावं नाहीत. रिझर्व्हबाहेर राहणाऱ्या फर्स्ट नेशन्समध्ये २०१७ साली हे प्रमाण ३२ टक्के होतं, एकूण देशात २२. मधुमेहाने पाय गमावलेली, चाळिशी-पन्नाशीतली माणसं मी त्या गावांत इतकी पाहते की गावातला आकडा कमी असेल यावर माझा विश्वास बसणार नाही.

२०२५ च्या जुलैपासून कॅनडा डिसॅबिलिटी बेनिफिट सुरू झाला. सुरुवातीला महिन्याला जास्तीत जास्त २०० डॉलर. उत्तरेत दूध-फळांचे भाव ज्याने पाहिले आहेत त्याला यात किती भागतं हे सांगायला नको. पण तेवढे मिळवायलाही आधी अपंगत्वासाठीच्या कर-सवलतीचा (टॅक्स क्रेडिट) टी२२०१ फॉर्म मंजूर हवा आणि विवरणपत्र भरलेलं हवं. फॉर्मवर सही बहुतेकदा डॉक्टरची किंवा नर्स प्रॅक्टिशनरची. नर्सिंग स्टेशनमध्ये रोज असते ती साधी नोंदणीकृत नर्स, तिला सहीचा अधिकार नाही. डॉक्टर येतात ठरावीक दिवशी आणि ते दिवस आजारी माणसांतच संपतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा माणूस दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गडचिरोलीला कसा पोचणार, हे ज्यांना समजतं त्यांना हेही लगेच समजेल.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की सेवा माणसाजवळ न्यायची आणि ती देणारी माणसं त्याच गावातली हवीत. मी महिन्यातून काही दिवस जाते. वादळ आलं तर तेही नाही. उरलेल्या दिवसांत हात-पाय कोण हलवून घेणार, खुर्चीचा पट्टा कोण बदलणार? गावातल्याच तरुण-तरुणींना पुनर्वसन सेवक म्हणून शिकवायचं, त्यांना नीट, कायमचा पगार द्यायचा, आणि माझ्यासारखीने त्यांच्या मागे उभं राहायचं. हे स्वप्नरंजन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाने वाचलं. कमी शिकलेल्या गावकरी बाईला हे जमणार नाही, असं तेव्हाही सांगितलं जात होतं.

कॅनडातही नमुना आहे. क्वेबेकमधल्या जेम्स बे परिसरातल्या क्री लोकांनी सरकारशी झालेल्या १९७५ च्या करारानंतर स्वतःचं आरोग्य मंडळ उभं केलं. त्यांच्या गावांमध्ये वृद्ध आणि अपंग माणसांसाठी दिवसभराची केंद्रं आहेत, थेरपी आहे, जेवण आहे, आणि बोलणं क्रीमध्ये आहे. निर्णय आणि पैसा त्यांच्या हातात आला, म्हणून हे झालं. मॅनिटोबातल्या गावांनाही तेच हवं आहे.

रोजगाराचंही तसंच. गावात नोकऱ्या थोड्या आहेत हे खरं, पण आहेत त्यांतल्या कित्येक बसून करता येतात: मेडिकल व्हॅनचं नियोजन, दुभाष्याचं काम, शाळेचं कार्यालय, आणि गावचा रेडिओ. उत्तरेतल्या गावात रेडिओ घरोघरी दिवसभर चालू असतो, निरोप, बिंगो, प्रार्थना, विमान उशिरा आहे की नाही, सगळं त्यावर. दोन्ही पाय गमावलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत, उत्तम ओजी-क्री बोलतात, गोष्टी सांगतात. त्यांना निवेदक व्हायचं आहे. अडलंय कशावर? स्टेशनच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत.

"एवढ्याशा गावांसाठी एवढा खर्च?" हेही ऐकते. नॉर्वे हाउसने १८७५ मध्ये सरकारबरोबरच्या जमिनीविषयीच्या पाचव्या करारावर सही केली, आयलंड लेक १९०९ मध्ये त्यात आलं. जमीन तेव्हाच दिली गेली. सत्तरच्या दशकात विजेसाठी नॉर्वे हाउसजवळ जेनपेगला नेल्सन नदी अडवली, क्री लोकांच्या किनाऱ्यांचं आणि मासेमारीचं वाटोळं झालं, आणि ती वीज शेकडो मैलांवरून आम्हा विनिपेगकरांच्या घरांत येते. तारा टाकताना कुणी म्हणालं नाही की अंतर फार आहे. शिवाय आत्ताचा खर्च तरी कुठे कमी आहे? प्रत्येक तपासणीला विमान, सोबत्याचं तिकीट, हॉटेल, टॅक्सी, आणि एका तरुणाला पुढची चाळीस वर्षं ग्रुप होममध्ये ठेवायचं तर त्याचा हिशेब वेगळा.

आता आपल्यापुरतं. भारतात फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपी शिकून इथे परवान्याची तयारी करणारी बरीच मराठी मुलंमुली माझ्या यादीत आहेत. उत्तरेतल्या जागा रिकाम्या आहेत. दोन-तीन वर्षं तरी या, आणि येताना शिकायच्या तयारीने या. दुसरं, तुमच्यात अकाउंटंट पुष्कळ आहेत. महसूल खात्याच्या स्वयंसेवक कर-मदत कार्यक्रमात नाव नोंदवता येतं आणि विवरणपत्रं दूर बसूनही भरून देता येतात. चालणं, जेवणं, कपडे घालणं यांतल्या अडचणींसाठी टी२२०१ वर ऑक्युपेशनल थेरपिस्टची सही चालते, तेवढा भाग मी आणि माझ्या दोन सहकारी करतोच आहोत. विवरणपत्रांसाठी माणसं कमी पडतात. या वर्षीच्या हंगामासाठी जमेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा, नोंदणी कशी करायची ते मी पाठवते.