खुलासा: कॅमल ओढणारे डॉक्टर

‘पूर्वी अमेरिकेत डॉक्टरच पेशंटला सिगारेट ओढायला सांगायचे’ या मजकुरासोबत पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरची जुनी जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरते आहे. जाहिरात खरी आहे. १९४६ साली आर. जे. रेनॉल्ड्स या कॅमल सिगारेट बनवणाऱ्या कंपनीने सुरू केलेल्या मोहिमेतली. अर्थ मात्र चुकीचा लावलाय. इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा जास्त डॉक्टर कॅमल ओढतात, एवढाच तिचा दावा. पेशंटला सल्ला वगैरे त्यात काही नाही.

तो दावाही फसवाच. ज्या पाहणीवर तो उभा होता, ती कंपनीच्याच जाहिरात एजन्सीची. वैद्यकीय परिषदेत डॉक्टरांना आधी फुकट कॅमल द्यायची आणि बाहेर पडताना विचारायचं, खिशात कुठली सिगारेट आहे! लोकांच्या जिवाशी खेळच हा. कोटातले ‘डॉक्टर’ही नटच. मूळ मजकूर पुढे पाठवला असेल, तर सोबत हेही पाठवा.