‘युद्धात पत्रकारांची तोंडं बंद करा’: साताऱ्यातून उत्तर

मे 2025 च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईपासून एक मेसेज आमच्याकडच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येतोय. त्याचं म्हणणं असं: 1971 जिंकलं कारण तेव्हा मीडिया आडवा आला नाही, टीव्हीमुळे जवान मरतात, म्हणून लढाई सुरू झाली की सैन्य सांगेल तेवढंच छापा, आणि आपलं नुकसान सांगणारा देशद्रोही. आमच्या घरातल्या दोन पिढ्या मिलिटरीत गेल्या. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 71. 11 डिसेंबरला पूर्व बंगालातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) टांगाईलला 2 पॅरा ही आपली छत्रीधारी पलटण उतरली, जेमतेम एक बटालियन, सातशेच्या आसपास माणसं. परदेशी पेपरांत आकडा आला पाच हजारांचा! ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनाधिकाऱ्यांचा धीर खचायला त्याचाही हातभार लागला. त्याच्याही आधी, एप्रिलमध्ये, कराचीचा पत्रकार अँथनी मस्करेन्हस याला पाकिस्तानी लष्करानं स्वतःच पूर्व बंगाल दाखवायला नेलं होतं. त्यानं कुटुंबाला देशाबाहेर काढलं आणि 13 जूनला लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये तिथली कत्तल जगापुढे मांडली. सरकारनं नेमून दिलेलंच त्यानं लिहिलं असतं, तर जगाला ते कळायला किती उशीर झाला असता? 16 डिसेंबरची शरणागतीसुद्धा कॅमेऱ्यांसमोरच झाली.

टीव्हीमुळे जवानांचा जीव धोक्यात येतो, हे मात्र खरं आहे. 26/11 ला कमांडो कुठं उतरतायत हे वाहिन्या दाखवत होत्या आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून फोनवर हुकूम देत होते. कसाबच्या 2012 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं यावर कडक ताशेरे ओढले. पण त्यावर उपाय झालाय. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून माहिती देईल तेवढीच द्यायची, असा नियम 2015 पासून केबल टीव्हीला लागू आहे. तो कडकपणे पाळायला लावा, मी तुमच्याबरोबर आहे. पण पलटण कुठं आहे हे लपवणं वेगळं आणि काय झालं हे लपवणं वेगळं. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही एकाच पोत्यात भरलंय.

‘सैन्य सांगेल तेवढंच छापा’ याचं काय? त्या मे महिन्यात सैन्याच्या वतीनं कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह मोजून मापून बोलत होत्या. त्याच दिवसांत काही वाहिन्या पडद्यावरच कराची बंदर उद्ध्वस्त करत होत्या. राजौरीत ब्रिगेडवर फिदायीन हल्ला झाल्याची अफवा सरकारच्याच पीआयबीला, म्हणजे पत्र सूचना कार्यालयाला, खोडून काढावी लागली. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा तेव्हा त्याच बाजूला होता. दोन रात्री त्या टीव्हीसमोरून उठल्या नाहीत. त्यात बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवायचे, ते शेवटी नागरी संरक्षण खात्यानं बंद करायला सांगितले. त्या माउलीला छळलं ते खोट्या बातमीनं. खरी बातमी तर तिला मिळतच नव्हती.

आणि नुकसान. आपली विमानं पडली हे सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी 31 मे रोजी मान्य केलं, तेही सिंगापुरात, परदेशी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना. मग ते काय देशद्रोही? जी गोष्ट सिंगापुरात सांगता येते, ती आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यात का नको? पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली 46 माणसं कामी आली, गावात त्यांचं स्मारक आहे. मरणाची बातमी कशी सोसायची, हे त्या गावाला बाहेरच्या कुणी शिकवायला नको.

आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण 62 च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झाले. सप्टेंबर 1963 मध्ये पराभवाच्या चौकशीत दिसलेल्या उणिवा त्यांनी थोडक्यात का होईना, संसदेत मांडल्या. त्या चौकशीचा मूळ अहवाल, हेंडरसन ब्रुक्स अहवाल, सरकारनं आजवर खुला केलेला नाही. त्या लढाईत गेलेल्यांच्या बायका म्हाताऱ्या झाल्या, कितीतरी गेल्याही. आपला माणूस कुणाच्या चुकीनं गेला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.