खुलासा : आरोग्यसेवा बेव्हिन यांची नव्हे, बेव्हन यांची
'गाडीवान ते मंत्री : अर्नेस्ट बेव्हिन यांनी १९४८ मध्ये ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा सुरू केली' असा मेसेज फिरतोय. गाडीवान ते मंत्री हे खरंच. ब्रिस्टलमध्ये घोडागाडी हाकणारे बेव्हिन १९२२ पासून वाहतूक कामगार युनियनचे सरचिटणीस होते, १९४० मध्ये चर्चिल सरकारात कामगारमंत्री झाले. खाणींना माणसं कमी पडली तेव्हा त्यांनी चक्क चिठ्ठ्या काढल्या. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा जुळला की तो पोरगा सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत!

पण ॲटली मंत्रिमंडळाची यादी पाहा. जुलै १९४८ मध्ये बेव्हिन परराष्ट्रमंत्री होते. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन, वेल्सचे माजी खाणकामगार. आडनावंच अशी की गल्लत व्हावी. चुकीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलात तिथे ही दुरुस्ती टाका.