‘दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि निर्धास्त राहा’ म्हणणाऱ्यांना

साताऱ्यात पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत ठेवा, वाक्यं आपल्या शब्दांत फिरवा, शेवटी ग्रंथांची यादी जोडा, जागोजागी संदर्भ देत बसायची गरज नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. मुलं हाच मेसेज दाखवतात, म्हणून लिहिते.

दहाचा आकडा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांतला. १० ते ४० टक्के साम्य निघालं तर दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. दहाच्या आत शिक्षा नाही, इतकंच. उचललेलं वाक्य तेवढ्याने आपलं होत नाही. उलट, संदर्भासह दिलेला उतारा या मोजणीतून वगळतात. मग संदर्भाची भीती कसली?

शब्द फिरवण्याचा सल्ला सगळ्यात घातक. त्याच नियमांनुसार दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडणं हेही वाङ्मयचौर्यच. आणि संदर्भ गेला की संशोधन कसं फसतं, ते मी नुकतंच पाहिलं. एका मुलीच्या प्रबंधातल्या प्रकरणात ब्रिटिशकाळातल्या सातारा जिल्ह्यातल्या नांगरांचा आकडा होता. शेजारी आजच्या साताऱ्याचा आकडा, खाली निष्कर्ष: नांगर घटले. ‘कुठून घेतलास?’ ‘नेटवर होतं मॅडम, शब्द बदललेत मी.’ शोधत गेलो तर मूळ निघालं १८८५ च्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथात. तेव्हाच्या साताऱ्यात तासगाव, वाळवा, खानापूर होते! १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे सांगलीकडचे नांगर धरलेला आकडा ती आजच्या साताऱ्याशी ताडून पाहत होती. शब्द बदलताना सालच गळालं होतं.

‘नेटवर फुकट आहे’ हेही कारण नव्हे. कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपतो. लिहिलं कोणी, हे त्यानंतरही सांगावंच लागतं.

राहिली शेवटची यादी. ती काय वाचलं ते सांगते. कोणतं विधान कोणत्या पानावरचं, हे परीक्षकाने जाडजूड ग्रंथात कुठे हुडकायचं?

त्या मुलीने आकड्यापाशी तळटीप घातली: खंड १९, साल, पान क्रमांक, आणि ‘आजच्या सांगलीतले तालुके धरून’. मग निष्कर्षाच्या ओळीवर स्वतःच काट मारली.