तीस दिवस झाले, आता थेट आयोगात? थांबा

नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: ‘माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर नाही? प्रथम अपिलात वेळ घालवू नका. थेट राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठात तक्रार टाका. ४५ दिवसांत निकाल, अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, तोही तुमच्या खात्यात.’ यातले ३० दिवस आणि २५० रुपये हे आकडे तेवढे खरे आहेत.

सगळ्यात महागात पडतो तो पहिला सल्ला. माहिती अधिकार कायद्यातल्या कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील या दोन वेगळ्या वाटा आहेत. तक्रारीवर आयोग अधिकाऱ्याला शास्ती, म्हणजे दंड, लावू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश काढू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. तेव्हा मनपाकडून रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका हवी असेल, तर नुसत्या तक्रारीने ती हाती पडणार नाही. उलट अपिलाची मुदत निघून जाईल.

तारखा अशा धरा. अर्ज १ जूनला पोचला, तर उत्तराची मुदत १ जुलैला संपते आणि प्रथम अपील, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडचं, ३१ जुलैपर्यंत करता येतं. ते २० जुलैला दिलं, तर निर्णय १९ ऑगस्टपर्यंत यायला हवा. लेखी कारण देऊन ३ सप्टेंबरपर्यंत लांबवता येतो. त्यानंतर आयोगाकडच्या द्वितीय अपिलाला ९० दिवस. राज्याच्या कार्यालयांसाठी दोन्ही अपिलांना प्रत्येकी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. पोच असलेल्या प्रती जपून ठेवा, त्या द्वितीय अपिलाला जोडाव्या लागतात. आणि अपिलात नवी माहिती मागू नका. मूळ अर्जात नव्हतं ते तिथे चालत नाही.

४५ दिवसांची मर्यादा आहे ती प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला. आयोगाने द्वितीय अपील किती दिवसांत निकाली काढावं, हे कायद्यात कुठेच नाही.

दंड तुमच्या खात्यात येत नाही, सरकारजमा होतो. तो २५,००० च्या वर जात नाही आणि अधिकाऱ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय लावता येत नाही. तुम्हाला मिळू शकते ती कलम १९(८)(ख) खालची नुकसानभरपाई. ती अपिलातच मागावी आणि काय नुकसान झालं त्याचे कागद जोडावेत. ‘मनस्ताप झाला’ एवढं लिहून भागत नाही.

खंडपीठाचंही तेच. नागपूर खंडपीठ नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांमधल्या राज्याच्या कार्यालयांचं. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोळसा कंपनी), रेल्वे, एम्स ही नागपुरात असली तरी केंद्राची. त्यांचं द्वितीय अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.

संदेशात नसलेली एक कामाची गोष्ट: मुदत उलटल्यावर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते. तरीही पानाला २ रुपयांप्रमाणे मागणीपत्र आलं, तर कलम ७(६) लिहून परत पाठवा.