इंदूरच्या डब्याचे आभार कसे मानावेत

इंदूरच्या रामबागेतून किंवा लोकमान्य नगरातून उठून न्यू जर्सीला गेलेल्या माणसाला ऑक्टोबर ते डिसेंबर फार कृतज्ञ राहावं लागतं. आधी दिवाळी, मग थँक्सगिव्हिंग, मग नाताळ. इंदुरात ही भानगड नव्हती. आईने पोह्यांची ताटली पुढे सरकवली की 'जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) कुठंय?' एवढंच विचारायचं, त्यात सगळं आलं. तिला 'थँक यू' म्हटलं असतं तर तिने कपाळावर हात ठेवून ताप बघितला असता. परदेशात मात्र ही विद्या नव्याने शिकावी लागते.

सुरुवात वहीपासून करा. रोज झोपताना पाच ओळी, पाच गोष्टींचे आभार. पहिल्या रात्री कॉफी, हीटर, घरून काम, बर्फातले टायर आणि शेजाऱ्याचा कुत्रा अशी यादी होते. आईबाबा सहावे येतात आणि वहीत सहावी ओळ छापलेली नसते. यात तुमचा काही दोष नाही.

मग डबा मागवा. मागवताना 'उगाच त्रास घेऊ नकोस, इथे सगळं मिळतं' असं म्हणा आणि त्याच वाक्यात 'फक्त अनारसे बरे नसतात इथले' हेही घाला. बाकीचं आपोआप होतं. तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलून. मग पंच्यावर सावलीत सुकवून, थोडे दमट असतानाच कुटायचे, चाळायचे. किलोभर तांदळाला साधारण पाऊण किलो गूळ. गोळा डब्यात दाबून चार-पाच दिवस मुरू द्यायचा. खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलं राहिलं तर तो तुपात पसरून हसतो. हसलेले अनारसे बाबांच्या वाट्याला येतात, न हसलेले तुमच्या.

कुरिअरवाला वजन करतो तेव्हा काट्याकडे बघू नये असं आईला सांगून ठेवा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात आणि खरं वजन व हे वजन यांत जे जास्त त्याचे पैसे घेतात. 40 बाय 30 बाय 30 चं खोकं म्हणजे 7.2 किलो, मग आत चिवडा चारच किलो का असेना. खालच्या थरात बेसनाचे लाडू, मधे शंकरपाळे, चकल्या कागदात दोन-दोन गुंडाळून कडेला उभ्या, फटींत शेव. तरी निम्म्या चकल्या मोडतातच, कारण भजणीच्या चकलीला मोहन जरा जास्त झालं की ती बोटानेही मोडते, आणि कमी घातलं तर तुमचा दात मोडतो. आईने मोहन जास्तच घातलेलं असतं. (तुम्ही दुबईला असाल तर अनारसे मागवूच नका. तिथे खसखस अमली पदार्थांत मोडते आणि कस्टमवाल्याला फराळ कळत नाही. सिंगापुरातही तेच.)

खोकं आलं की लगेच फोन करायचा नाही. आधी फोटो. उजेड खिडकीकडून हवा, मोडक्या चकल्या खाली, अख्ख्या वर, शेजारी बॅटरीवरची पणती. खाली 'ब्लेस्ड' लिहा. दोनशे लोकांना आवडल्यावर आईला अंगठा पाठवा.

लक्ष्मीपूजनाला मात्र फोन लावावा लागतो आणि इथे बरेच जण चुकतात. 2022 मध्ये पूजन 24 ऑक्टोबरला होतं. इंदुरात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तुमच्याकडे सकाळचे नऊ. 2023 मध्ये ते 12 नोव्हेंबरला आलं. तोवर तुमची घड्याळं तासभर मागे गेली होती आणि तेच साडेसहा तुमच्या आठला वाजले. तुम्ही मागच्या वर्षीसारखे नऊलाच उगवलात. आरती होऊन लाह्या-बत्तासे वाटून झालेले, आणि फोन तासभर कलशाला टेकवून ठेवलेला. 2026 मध्ये पूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे पुन्हा हीच सोय. अशा वेळी 'डेलाइट सेव्हिंग' हा शब्द वापरा. बाबांना तो एखाद्या आजारासारखा वाटतो आणि ते पुढे काही विचारत नाहीत.

फोनवर आईचं फक्त कपाळ दिसेल, ते चालतं. 'गोळ्या घेतेस ना?' असं विचारा आणि 'हो' आलं की विषय बदला. पाकिटात किती उरल्यात हे विचारू नये. विचारलं तर मोजावं लागतं, मोजलं तर तिकिटाचे दर बघावे लागतात.

मंडळाची दिवाळी जवळच्या शनिवारी, हॉल मिळेल तेव्हा. तिथे एखादे पुण्याचे काका 'इंदूरचे? तरी मराठी छान आहे हो तुमचं!' म्हणतील. त्याबद्दलही कृतज्ञ व्हा. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्यांना कोकणातून डबे येत नव्हते. त्यांनी पोह्यांवर शेव घातली आणि तेच आपलं म्हणून खाल्लं.

थँक्सगिव्हिंग सगळ्यांत सोपं. लिंकनने 1863 मध्ये जाहीर केलेला दिवस 1941 मध्ये कायद्याने नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी बांधला, म्हणजे आभार मानायचे राहून जाण्याची भीती नाही. मॅनेजरच्या घरी पंधरा पौंडांची टर्की असेल. तिचा बर्फ फ्रिजमध्ये सुटायला तीन-चार दिवस लागतात आणि आत 165 अंश फॅरेनहाइट भरल्याशिवाय ती खात नाहीत. हे ते तुम्हाला दोनदा सांगतील. तुम्ही दोन्ही वेळा 'वाव' म्हणायचं. तीन दिवसांची मेहनत म्हणजे काय थट्टा आहे का! टेबलाभोवती प्रत्येकाने एक आभार मानायचे असतात. तुमची पाळी आली की 'टीम' म्हणा. डोळे थोडे ओले झाले तर उत्तम, पुढे अप्रेझल असतं.

भाऊबीज मुद्दाम शेवटी ठेवली. ओवाळणी आधी पाठवून द्या. 2023 पासून काही देशांतल्या मोबाइल नंबरवरूनही एनआरई (म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या) खात्यातून यूपीआय करता येतं. रक्कम 501 किंवा 1101, शेवटी एक हवाच. ताईला सांगा, फोन पाटावर ठेव, स्टँडला टेकवून, चार्जिंगचं तोंड मागे कर, नाहीतर कुंकू आत जातं. अक्षता काचेवर हळूच टाक. निरांजन वीतभर लांब धर.

भाऊ जवळ नसेल तर चंद्राला ओवाळायची रीत आहे. पण बीजेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला दिसते आणि तुमची मीटिंग संपेपर्यंत मावळते. तेव्हा फोनच बरा. नेट अडकलं तर तुमचा चेहरा तोंड उघडं असताना थिजेल. घाबरून पुन्हा लावू नका. तिकडे ताई त्या थिजलेल्या तोंडाशीच अनारशाचा तुकडा धरून बसलेली असेल, आणि तो हसलेल्यांपैकी नसेल.